जिथे औषध पुरे पडत नाही

डॉक्टरांच्या स्मरणिकेत लष्करी बळाचा पुरस्कार वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला जाणीव आहे. जीव वाचविण्याचे व्रत घेतलेल्यांनी युद्धाची भाषा का बोलावी, हा प्रश्न रास्तच आहे. तरीही दोन घटनांनी मला या मतापर्यंत आणले.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. बनगावच्या परिसरात पटकीने थैमान घातले आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे द्रावण रुग्णांना पाजले आणि शेकडा तीसच्या घरातील मृत्युप्रमाण चारच्याही खाली आणले. वैद्यकाचा तो मोठाच विजय होता. परंतु माणसांना घरदार सोडावयास लावणारी दहशत त्या द्रावणाने थांबणार नव्हती. ती १६ डिसेंबरच्या ढाक्यातील शरणागतीनंतर थांबली आणि निर्वासितांना मायदेशी परतता आले. भारताच्या निर्णयामागे केवळ करुणा नव्हती, राष्ट्रहितही होते. पण हेतू संमिश्र होता म्हणून वाचलेल्या प्राणांचे मोल कमी होत नाही.

याच्या नेमके उलट रवांडात घडले. एप्रिल १९९४ मध्ये तेथे तुत्सींचा संहार सुरू झाला. सेनापती रोमिओ दॅलेर जादा कुमक मागत असताना सुरक्षा परिषदेने २१ एप्रिल रोजी सुमारे अडीच हजारांची शांतिसेना अवघ्या २७० जणांवर आणण्याचा ठराव केला. बुतारेच्या रुग्णालयात रुग्णही मारले गेले. अखेर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या तटस्थ वैद्यकीय संघटनेनेच जूनमध्ये लष्करी हस्तक्षेपाची जाहीर मागणी केली. वंशसंहार डॉक्टरांच्या हातून थांबत नाही, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली.

आक्षेप मला ठाऊक आहेत. लिबियात २०११ साली नागरिकांच्या रक्षणासाठी मिळालेल्या परवानगीचे पर्यवसान सत्तांतरात झाले आणि तो देश पुढे अनेक वर्षे यादवीत होरपळला. म्हणूनच हस्तक्षेपाला शस्त्रक्रियेइतकेच कडक निकष हवेत. संहार प्रत्यक्ष चालू असावा वा अगदी तोंडावर आलेला असावा. अन्य उपाय थकलेले असावेत. बळ गरजेपुरतेच वापरावे. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेची जबाबदारी आधीच स्वीकारलेली असावी. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सर्व राष्ट्रांनी नागरिकांच्या संरक्षणाची जबाबदारी तत्त्वतः मान्य केली. तिचा अंमल मात्र सुरक्षा परिषदेतील नकाराधिकारापाशी वारंवार अडतो.

शस्त्रक्रियेत धोका असतो म्हणून आपण ती कायमची वर्ज्य करीत नाही. ती न केल्यास काय होईल, याचाही हिशेब आपण मांडतो. राष्ट्रांनीही तो मांडावा, एवढेच मागणे आहे. रवांडात तो कोणी वेळेवर मांडला नाही.