कामाची कदर आणि कामगाराची किंमत

नोकरीत आपली कदर व्हावी असे वाटण्यात लाजिरवाणे काही नाही. मनुष्य दिवसाचे आठ-दहा तास जेथे वेचतो, तेथे आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव त्याला हवीच असते. दादर-परळच्या चाळींतून आज कंत्राटी नोकरीवर जाणाऱ्या तरुणांना मात्र या बाबतीत एकच उपदेश ऐकावा लागतो: ‘मालकाचे तुमच्यावाचून अडेल असे काम करा, म्हणजे नोकरी पक्की.’ हा उपदेश अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा गिरणगावाच्या इतिहासाने शिकवला आहे आणि तो विसरणे परवडणारे नाही.

बाजारात श्रमाची किंमत केवळ कौशल्यावर ठरत नाही. त्या श्रमिकाच्या जागी दुसरा माणूस किती सहज मिळतो, यावरही ती ठरते. गिरणीतील बदलीची पद्धत या तत्त्वावरच उभी होती. पहाटे गिरणीच्या दरवाजाशी बदलीवाले जमत आणि कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. त्याची मर्जी राखणे, त्याला दस्तुरी देणे हाच कामाचा मार्ग असे. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदलीवाल्यांना कार्डे देण्याची योजना सुरू केली. तिने जॉबरच्या मनमानीला काहीसा लगाम बसला, पण बदलीवाला बदलीवालाच राहिला. काम तेच, साचा तोच. हक्क मात्र निराळे.

कार्यक्षमतेची कथाही अशीच आहे. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईचा गिरणी कामगार संपावर होता. त्यामागील एक प्रमुख कारण म्हणजे दोनऐवजी तीन साचे एकाच विणकराने सांभाळावेत, ही नवी योजना. तीन साचे चालवणारा विणकर मालकाच्या हिशेबी निःसंशय अधिक मोलाचा ठरला असता. पण प्रत्येक दोन विणकरांच्या नव्या मोलापायी तिसऱ्याची भाकरी जाणार होती. एकाच्या गुणवत्तेचे बक्षीस दुसऱ्याच्या बेकारीतून दिले जात असेल, तर त्याला कदर म्हणता येत नाही.

आणि गुण दाखविण्याची संधी तरी सर्वांना सारखी होती काय? विणाईचे साचा खाते अधिक मजुरीचे. पण अस्पृश्य कामगारांना त्याचे दार बंद होते. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, तेव्हा विटाळ होतो, हे त्याचे कारण. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपकाळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला. हा विटाळ मानणारे केवळ मालक नव्हते, साच्यावरचे आपले बांधवही होते, हे आपल्या चळवळीने स्वतःलाही बजावत राहिले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबरच बदलीवाल्यांना कायम करा, हीही त्यांची मागणी होती. पंचवीस-तीस वर्षे इमानाने राबलेल्या हजारो कुशल कारागिरांना पुन्हा आत घेतले गेले नाही. पुढे २००५ साली दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. जमिनीचे मोल वाढले तेव्हा तिच्यावर घाम गाळणाऱ्याचे कसब कवडीमोल झाले होते. त्या कारागिरांच्या कामात खोट नव्हती. त्यांच्या कसबाला टिकाऊ हक्काचे कवच नव्हते.

आज बदलीवाल्याच्या जागी कंत्राटी आणि मुदतबंद कामगार आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांनी नियुक्तिपत्र बंधनकारक केले आणि मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला; हे स्वागतार्ह आहे. परंतु मुदत संपताच त्याची नोकरी संपते आणि तिला कामगारकपात समजले जात नाही. शिवाय कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला लागू होई, ती मर्यादा आता ३०० वर गेली आहे. अशा स्थितीत ‘मोलाचे व्हा’ हा उपदेश, मुदत वाढेल या आशेवर अधिक राबा, एवढाच उरतो.

मग कार्यकर्त्याने तरुणाला काय सांगावे? काम उत्तम कर, हे आधी सांगावे. कामचुकाराच्या तोंडी हक्काची भाषा शोभत नाही आणि सहकारी त्याच्यामागे उभेही राहत नाहीत. खात्यात ज्याच्या कसबाला मान असतो, त्याच्याच शब्दाला सभेत वजन येते. पण त्याचबरोबर नियुक्तिपत्र मागून घे, पगाराची पावती आणि भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब तपासत जा, नव्या माणसाला काम शिकव आणि संघटनेत ये, हेही सांगावे. आपले ज्ञान दडवून अडवणूक करणारा कामगार काही काळ मोलाचा ठरतो. ते इतरांना देणारा सर्वांनाच मोलाचे करतो.

मालकाने दिलेली शाबासकी मालक काढूनही घेऊ शकतो. करारात आणि कायद्यात उतरलेली कदर काढून घेणे त्याला इतके सोपे नसते. कसब आणि संघटना यांची ही जोड घालून देणे, हे आपल्या कार्यकर्त्यांपुढील आजचे काम आहे.