नॅनोची बाटली, लाखांदूरची बांधी

रोवणी आटोपून तीनेक आठवडे झाले की भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात दोन गोष्टी उभ्या दिसतात. बांधीत पाणी आणि कृषी केंद्रासमोर रांग. रांग युरियाची असते. पऱ्हे मातीत रुजून हिरवे धरू लागले की धानाला नत्र हवे असते, तेही वेळेवर. आठवडाभर उशीर झाला तर फुटवे कमी पडतात. गेल्या काही हंगामांपासून या गोणीच्या जोडीला अर्ध्या लिटरची एक बाटली आली आहे, नॅनो युरियाची. ती कोणी मागून घेतो, तर कोणाच्या गळ्यात मारली जाते. गोणी हवी तर बाटलीही घ्या, या प्रकाराला बाजारात ‘लिंकिंग’ म्हणतात. ते नियमात बसत नाही हे सरकारने वेळोवेळी सांगितले आहे आणि तक्रारी राज्यभरातून तरीही येतच आहेत.

बाटलीवरचा ‘नॅनो’ हा शब्द कोट्यवधींच्या सरकारी संशोधनाचा वारसा सांगतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. धानाचा सहा मिलिमीटरचा एक दाणा घेतला तर त्याच्या लांबीत साठ लाख नॅनोमीटर मावतात. इतक्या बारीक मापात पदार्थ घडवायचा, जुळवायचा आणि तो कारखान्यात हजारोंच्या संख्येने काढायचा, हे एकट्या विद्यापीठाला परवडत नाही आणि नफ्याची खात्री नसताना एकटी कंपनीही त्यात पडत नाही. म्हणून जगभर सरकारे मध्ये पैसा घालतात. बेल्जियममध्ये फ्लँडर्सच्या सरकारने 1984 साली ‘आयमेक’ ही संस्था उभी केली. एकमेकांच्या स्पर्धक चिप कंपन्या आज तिथे एकाच छताखाली, त्याच यंत्रांवर संशोधन करतात.

आपल्याकडेही हे झाले. केंद्राने 2007 मध्ये पाच वर्षांसाठी हजार कोटींचे नॅनो मिशन मंजूर केले. त्याच्या वर्षभर आधी पवईच्या आयआयटीत आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत केंद्रीय माहिती तंत्रज्ञान खात्याच्या पैशातून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे सुरू झाली होती. पवईत अप्लाइड मटेरिअल्स या अमेरिकी कंपनीने चिप बनवण्याची यंत्रे दिली. पुढे देशभरातल्या संशोधकांना या प्रयोगशाळांत येऊन स्वतःचे नमुने बनवता यावेत अशी योजनाही आली. त्यातून केवळ शोधनिबंध निघाले असे नाही. पवईच्या प्राध्यापकांशी जोडलेल्या नॅनोस्निफ या कंपनीचे स्फोटके हुंगणारे यंत्र 9 एप्रिल 2021 रोजी जाहीर झाले. स्फोटकाचा अतिसूक्ष्म अंश ते काही सेकंदांत पकडते आणि त्याच्या गाभ्यातली संवेदक पट्टी इथेच घडलेली आहे. मातीतला ओलावा आणि तापमान मोजणारी ‘सॉइलसेन्स’ ही प्रणालीही पवईचीच, 2019 च्या राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी ती सादर झाली. सरकारी पैसा, प्रयोगशाळा आणि उद्योग यांची गाठ नीट बसली की काय होते, ते या दोन वस्तूंत दिसते.

पुण्यातली गोष्ट तर थेट धानाची आहे. राइस मिलमध्ये क्विंटलभर धान गेले की सुमारे वीस किलो तूस बाहेर पडते. ते जाळले की चारेक किलो राख उरते आणि तिच्यात 85 ते 95 टक्के सिलिका असते. ही राख सच्छिद्र असते, पाणी गाळते. पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्रात या राखेचा गाळणीसाठी उपयोग आधीच झाला होता. पुढे टाटा केमिकल्सने तिच्यावर चांदीचे नॅनोकण बसवले आणि डिसेंबर 2009 मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हा विजेविना चालणारा, 749 रुपयांपासूनचा शुद्धक बाजारात आणला. या संशोधनात पुढे असलेले मुरली शास्त्री त्याआधी पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नॅनोकणांवर काम करत होते. ही प्रयोगशाळा सरकारी आहे. सरकारने वर्षानुवर्षे जोपासलेले ज्ञान एका माणसाबरोबर कंपनीत गेले आणि ज्या तुसाचे गिरणीमागे ढीग लागतात, त्याची वस्तू झाली. कच्चा माल पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत मुबलक असला तरी हे संशोधन पुण्यात झाले.

आता बाटलीकडे परत येऊ. गुजरातेत कलोल इथे इफ्को या सहकारी संस्थेच्या केंद्रात नॅनो युरिया तयार झाला. नॅनो शेतीनिविष्ठा कशा तपासाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने जुलै 2020 मध्ये काढली आणि पुढच्याच फेब्रुवारीत नॅनो युरिया खत नियंत्रण आदेशात दाखल झाला. सरकारी मालकीच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सला, म्हणजे आपल्या आरसीएफला, तंत्रज्ञान देण्याचा करार झाला. मे 2022 मध्ये कलोलच्या कारखान्याचे उद्घाटन पंतप्रधानांनी केले. एवढी चपळाई आपल्या संशोधनाला क्वचितच लाभते.

पण हिशेब साधा आहे. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20 किलोंहून थोडे अधिक. सुरुवातीच्या बाटलीत चार टक्के नत्र, म्हणजे 20 ग्रॅम. किलोंच्या जागी ग्रॅम पुरतील हा दावा होता. कण इतके बारीक की ते पानाच्या रंध्रांतून थेट आत जातात, असे त्याचे कारण दिले गेले. ते ऐकायला पटते, कारण चिखलात फेकलेल्या युरियातले जेमतेम 30 ते 40 टक्के नत्र धानाला मिळते. बाकीचे हवेत उडते, पाण्यातून निघून जाते. मात्र लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात दोन वर्षे प्रत्यक्ष शेतात प्रयोग झाले, तेव्हा शिफारशीच्या मात्रेच्या तुलनेत भाताचे उत्पन्न 13 टक्क्यांनी आणि गव्हाचे 21.6 टक्क्यांनी घटलेले दिसले. इफ्कोला हे निष्कर्ष मान्य नाहीत. 2024 मध्ये नत्राचे प्रमाण 16 टक्क्यांवर नेलेली ‘प्लस’ बाटली आली. पहिली बाटली पुरेशी असती तर दुसरीची गरज का पडली, हा प्रश्न उरतो.

यावरून नॅनो म्हणजे थोतांड असे म्हणणे पवईवर आणि पुण्यावर अन्याय करणारे होईल. दोष भागीदारीच्या आखणीत आहे. सरकार आहे, प्रयोगशाळा आहे, कारखाना आहे. ज्याच्या बांधीत हे सगळे ओतायचे, तो मात्र फक्त काउंटरवर भेटतो, तेही पैसे देताना. स्फोटके हुंगणारे यंत्र चुकले तर ते परत पाठवता येते. फुटव्याच्या वेळी नत्र कमी पडले तर तो हंगाम परत येत नाही.

याच महाराष्ट्रात याहून शहाणे उदाहरण आहे आणि त्यात नॅनोचा न सुद्धा नाही. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणात रुजवलेली चारसूत्री भातलागवड. गादीवाफ्यात तुसाची काळी राख, चिखलणीत गिरीपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर लावणी आणि चार चुडांच्या मध्ये 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपीची ब्रिकेट, सात ते दहा सेंटिमीटर खोल. हेक्टरी साधारण 170 किलो. नत्र मुळाजवळ दडवून ठेवायचे, उडू द्यायचे नाही, एवढेच त्यातले शास्त्र. अडचणही खरी आहे. रोवणीलाच मजूर मिळत नाहीत, तिथे वाकून एकेक गोळी कोण खोचणार? फवारणीच्या बाटलीची ओढ इथूनच सुरू होते. म्हणून नव्या बाटलीची तुलना नुसत्या फेकलेल्या युरियाशी करून भागणार नाही. ती ब्रिकेटशीही व्हायला हवी, मजुरीचा खर्च धरून.

त्यासाठी नवे मिशन लागत नाही. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे धान संशोधन शेजारीच साकोलीत आणि सिंदेवाहीत चालते. बाटलीला परवाना आणि प्रचार ज्या सरकारी तिजोरीतून मिळाला, तिथूनच लाखांदूरच्या शेतकऱ्यांच्या बांध्यांत तीन हंगाम प्रयोग करावेत. एका बांधीत पूर्ण युरिया, दुसरीत अर्धा युरिया आणि बाटली, तिसरीत ब्रिकेट, चौथीत काहीच नाही. मळणीनंतर चारही बांध्यांचे वजन आणि खर्च, निकाल कोणाच्याही बाजूने जावो, तालुका कृषी कार्यालयाच्या फळ्यावर मराठीत लावावेत. आणि तोवर निदान युरियाची गोणी मागणाऱ्याला ती बाटलीविना मिळू द्यावी.