पालकांना आधी विचारा

शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत 75 टक्के जागा पालकांना दिल्या, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पण मजुरी बुडवून आलेल्या आईपुढे कितीदा तरी आधीच लिहिलेला ठराव आणि शाईचा पॅड सरकवला जातो. ही सल्लामसलत नव्हे.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने याच कायद्याखालचा नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळांना 25 टक्के राखीव प्रवेशांतून सूट. पालक उच्च न्यायालयात गेले, जुलैमध्ये बदल रद्द झाला. मधले महिने लेकरांचे गेले. असे मसुदे आधी शाळेच्या फळ्यावर, सोप्या मराठीत लागले पाहिजेत. वाचकहो, समितीची पुढची बैठक चुकवू नका. ठराव वाचल्याशिवाय सही करू नका.