दट्ट्याची पिचकारी कुठे गेली?

लेकरांनो, रंगपंचमी जवळ आली की बाजार कसा फुलतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. नांदेडच्या वजिराबादेत जा नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत जा, दुकानापुढे दोरीला प्लास्टिकच्या पिचकाऱ्या लोंबकळत असतात. एखादी बंदुकीसारखी, एखादी माशासारखी, तर एखादीला पाठीवर बांधायची चक्क टाकीच! पण त्या गर्दीत पितळेची, लांब नळीची, मागे ओढून पुढे दाबायची पिचकारी शोधून दाखवा बरं. सहजासहजी सापडायची नाही. घरी आजोबांना तिच्याबद्दल विचारा. ते बोलायच्या आधी दोन्ही हातांनी दट्ट्या ओढल्याची नक्कल करून दाखवतील!

वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, पितळेची पिचकारी एवढी मजबूत होती, तर मग ती बनवायचं कमी का झालं?"

प्रश्न मोठा छान आहे. वाईट वस्तू बाजारातून जाते हे समजतं, पण चांगली वस्तू का जाते? चला, आज हेच कोडं सोडवू या.

आधी ती चालते कशी ते बघू. नळीच्या आत एक दांडा असतो. त्याच्या टोकाला चामड्याचा वायसर किंवा गच्च गुंडाळलेली चिंधी असते. हाच दट्ट्या. नळीचं तोंड पाण्यात बुडवून दट्ट्या मागे ओढला की आत जागा रिकामी होते, आणि बाहेरची हवा पाण्यावर दाब देऊन त्याला आत ढकलते. ओलं चामडं फुगतं, म्हणून फट राहत नाही. मग दट्ट्या पुढे दाबला की पाणी बारीक भोकातून जोरात सुटतं.

किती जोरात? समजा, नळी आतून ४ सेंटीमीटर रुंद आहे आणि भोक ४ मिलिमीटरचं आहे. म्हणजे रुंदीत १० पट फरक, पण क्षेत्रफळात १०० पट! दट्ट्या सेकंदाला १० सेंटीमीटर सरकला तर पाणी सेकंदाला जवळजवळ १० मीटर वेगानं निघतं. माळवदावर लपलेला मित्रसुद्धा सुटत नाही तो असा. नळी ३० सेंटीमीटर लांब असेल तर तिच्यात पावणेचारशे मिलिलिटर पाणी मावतं. एक धार मारली की संपलं. पुन्हा बादलीकडे पळा, पुन्हा ओढा, पुन्हा नेम धरा.

आता गंमत सांगतो. असंच कोडं सातासमुद्रापलीकडच्या एका खेळातही आहे. त्याचं नाव पेंटबॉल. आपल्याकडे लोणावळ्याच्या बाजूला हा खेळ खेळायला मिळतो. दोन गट असतात, आणि हातात रंगाच्या गोळ्या उडवणारी बंदूक. गोळी अंगावर फुटून रंगाचा डाग पडला की तो गडी बाद.

ही बंदूक खेळासाठी जन्मलीच नव्हती बरं का! अमेरिकेत जंगलात कोणतं झाड तोडायचं, त्याच्यावर खूण करावी लागे. लांबून रंगाची खूण करता यावी म्हणून नेल्सन नावाच्या रंगाच्या कंपनीनं १९७० च्या दशकात अशी बंदूक बाजारात आणली. म्हणून तिला आजही मार्कर, म्हणजे खूण करणारी, असंच म्हणतात. गोळीचं कवच जिलेटिनचं असतं, अगदी औषधाच्या कॅप्सूलसारखं. मग २७ जून १९८१ रोजी हेनिकर नावाच्या गावाजवळच्या रानात १२ जणांनी याच मार्कर घेऊन झेंडे गोळा करण्याचा खेळ मांडला, आणि पेंटबॉल सुरू झाला.

सुरुवातीच्या मार्करला एका वेळी एकच गोळी मारता येई. पुढे लवकरच पंपवाली मार्कर आली. नळीखालची मूठ मागे ओढून पुढे ढकलायची, की आतली स्प्रिंग ताणली जाई आणि नवी गोळी जागेवर येई. मग चाप ओढायचा. पुन्हा मूठ मागे, मूठ पुढे. आपल्या पिचकारीची लांबची बहीणच म्हणा ना! खेळाडूजवळ १० गोळ्यांची नळी आणि वायूची अंगठ्याएवढी कुपी असायची. त्यामुळे प्रत्येक गोळी तो विचार करून मारायचा.

१९९० च्या सुमारास नवी रचना आली. गोळी उडवणारा वायूच पुढची तयारी करू लागला. मूठ ओढायची गरजच उरली नाही. चाप ओढत राहा, गोळ्या सुटत राहतील. पुढे त्यात वीजही आली, आणि सेकंदाला १० पेक्षा जास्त गोळ्या सुटू लागल्या. डोक्यावरच्या डब्यात २०० गोळ्या! आता तुम्हीच सांगा, समोरचा गडी असा पाऊस पाडत असताना एकेक गोळी मारणाऱ्याचं काय होणार? एकानं नवी घेतली, तशी दुसऱ्यालाही घ्यावी लागली. मैदानवालेही नव्या खेळाडूच्या हातात नवीच देऊ लागले. मागणी आटली, तसे जुने नमुने बनवणंही जवळपास बंद झालं.

पिचकारीचंही असंच झालं. लॉनी जॉन्सन नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर १९८२ मध्ये घरी उष्णतेच्या पंपाचा एक प्रयोग करत होते. त्यांच्या यंत्राच्या तोंडातून पाण्याची जोरदार धार न्हाणीघरात सुटली, आणि त्यांना खेळण्याची कल्पना सुचली! १९९० मध्ये ते खेळणं बाजारात आलं आणि पुढे 'सुपर सोकर' म्हणून जगभर गाजलं. त्यातही पंप आहे, पण तो टाकीत हवा कोंबतो. कोंबलेली हवा मग पाण्याला बराच वेळ बाहेर ढकलत राहते. आपल्या बाजारातल्या टाकीवाल्या पिचकाऱ्याही अशाच जातीच्या.

वेग हे झालं पहिलं कारण. दुसरं कारण पैशाचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दोन्ही महाग. शिवाय नळी सरळ करा, सांधा झाळा, दट्ट्या बरोबर बसवा. हे सगळं कारागिराच्या हाताचं काम. प्लास्टिकचा मात्र एकदा साचा केला की हजारो पिचकाऱ्या पटापट निघतात.

तिसरं कारण मला सगळ्यात मजेशीर वाटतं. पितळी पिचकारी लवकर खराबच होत नसे! वायसर झिजला तर नवा घालायचा, बस्स. एकदा घेतली की बापानंही खेळायची आणि लेकानंही. मग दुकानदाराकडे पुन्हा गिऱ्हाईक यायचं कधी? प्लास्टिकची पिचकारी रंगपंचमीच्या संध्याकाळीच मोडते, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा विकली जाते. पंपवाल्या मार्करचंही तसंच. चांगली बनवलेली जुनी मार्कर हातोहात फिरत राहते, नवी घ्यावी लागत नाही. म्हणजे बघा, मजबुतीच वस्तूच्या मुळावर आली!

आणि घराघरांतल्या जुन्या पिचकाऱ्या? कितीतरी मोडीत गेल्या. भांड्याच्या दुकानात मोड तोलून द्यायची आणि नवं भांडं घ्यायचं, ही आपली जुनी रीत. त्यात पिचकारीचाही नंबर लागला.

तरी दोन्ही वस्तू अगदी संपल्या नाहीत हं. देवघरातल्या बाळकृष्णासाठी छोटी पितळी पिचकारी अजून मिळते. तिकडे पंपवाल्या मार्करही थोड्या का होईना बनतात. काही खेळाडू मुद्दाम त्याच घेऊन खेळतात. का? कारण तिथे नेम लागतो, डोकं लागतं, आणि गोळ्याही कमी लागतात. दोन गोळ्यांच्या मधलं ते थांबणं दुसऱ्यांना खोट वाटलं, यांना मात्र त्यातच खेळाची गोडी वाटली.

आपल्या भागात तर या थांबण्याची किंमत फार मोठी आहे. २०१६ साली लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. पहिली गाडी १२ एप्रिलला आली. तिच्या १० वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. १५ लिटरची एक बादली आपल्या त्या पितळी पिचकारीला ४० वेळा पुरते. दोन लिटरच्या टाकीला तीच बादली आठव्या खेपेलाच कमी पडते. आता ठरवा, रंग खेळायला पाणी किती लागतं आणि मजेला किती!

करून बघा

वेळूचं फूटभर लांब पेर घ्या. एका टोकाची गाठ तशीच ठेवा. घरातल्या मोठ्यांकडून त्या गाठीत बारीक भोक पाडून घ्या. दुसऱ्या टोकातून सहज जाईल अशी काठी घ्या. तिच्या टोकाला सुती चिंधी दोऱ्यानं गच्च गुंडाळून भिजवा. झाली पिचकारी! पाणी गळालं तर चिंधीचा आणखी एक वेढा द्या.

आता भिंतीवर खडूनं एक वर्तुळ काढा, दहा पावलं मागे या आणि प्रत्येकानं फक्त ५ धारा मारा. कुणाच्या किती लागल्या ते मांडा. डोळ्यांवर आणि मुक्या जनावरांवर मात्र धार मारायची नाही. रंग हवा असेल तर पळसाची फुलं रात्रभर पाण्यात भिजत घाला. किनवट-माहूरकडच्या लेकरांना ती कुठे शोधायची ते सांगायला नको!

आणि हो, भोक थोडं मोठं केलं तर धार लांब जाते की जवळ पडते? आधी अंदाज लिहा, मग मोजून बघा आणि पत्रानं कळवा.