साहाय्यक साधनांचे कायम केंद्र स्थापण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
मिरा-भाईंदर महानगरपालिका

विषय : भाईंदर पूर्व येथे साहाय्यक साधनांचे मापन, उसनवार व दुरुस्तीची व्यवस्था होण्याबाबत.

महोदय,

आम्ही भाईंदर पूर्वेतील ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग आणि त्यांची शुश्रूषा करणारे कुटुंबीय हे निवेदन सविनय सादर करीत आहोत.

लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पक्षाघाताने एक अंग दुबळे झालेल्या मनुष्यास, रात्री कुणाला हाक न मारता न्हाणीघरापर्यंत जाता आले, तर त्याचे गेलेले स्वत्व त्यास परत लाभते. आणि त्यासाठी लागते ती भिंतीत पक्की बसविलेली दांडी व उंचीस जुळणारा वॉकर, एवढीच सामग्री.

शासनाने या कामी हयगय केली, असे आम्ही म्हणत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून कानपूरच्या अलिम्कोने तयार केलेली साधने पात्र ज्येष्ठांस शिबिरांतून मिळतात, आणि मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकरकमी ३,००० रुपयांची तरतूद आहे. परंतु शिबिराचा मांडव उतरल्यावर कुबडीचे रबरी टोपण झिजले अथवा श्रवणयंत्र बंद पडले, तर दाद मागावयाची कोठे? हाजीअली येथील पुनर्वसन संस्था १९५५ पासून या क्षेत्रात कार्य करीत आली असली, तरी भाईंदरहून लोकलच्या गर्दीत तेथवर जाणे हेच ज्याच्या आवाक्याबाहेरचे, त्यास तिचा उपयोग किती? साधन मग माळ्यावर पडते आणि मनुष्य अंथरुणाला खिळतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ ने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला असून, घरपोच साहाय्य मिळावे यासाठी शासनाने प्रयत्न करावा असे सांगितले आहे. सबब आमच्या मागण्या अशा :

१. पूर्वेस रुग्णोपयोगी साहित्य केंद्र उघडून चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, हवेची गादी इत्यादी साधने अल्प अनामतीवर उसनी द्यावीत.

२. फिजिओथेरपिस्टने घरी येऊन माप घ्यावे, दांडी व उताराची जागा ठरवावी आणि साधनाचा वापर शिकवावा.

३. केंद्रात दुरुस्तीचा कारागीर व सुटे भाग कायम असावेत.

४. दिव्यांग कल्याणासाठी राखीव असलेल्या ५ टक्के निधीतून दिव्यांगांच्या साधनांकरिता आणि अन्य ज्येष्ठांकरिता स्वतंत्र शीर्षाखाली तरतूद करून, खर्चाचा वार्षिक हिशेब जाहीर करावा.

आमच्यापैकी अनेकांना आपल्या दप्तरी हेलपाटे घालणे शक्य नाही. म्हणूनच येत्या अर्थसंकल्पात या केंद्रास मंजुरी देऊन तसे लेखी कळवावे, ही कळकळीची विनंती.

आपले विनीत,
भाईंदर पूर्वेतील ज्येष्ठ, दिव्यांग व त्यांचे कुटुंबीय