जॅकेट द्यायचं तर लेबल वाचून द्या

परदेशातल्या मराठी मंडळींमध्ये अलीकडे एक चांगली पद्धत रुळली आहे. गणपती किंवा दिवाळीच्या निमित्ताने वर्गणी काढायची आणि गावाकडे उपयोगी पडेल असं काहीतरी द्यायचं. कुणी वह्या-दप्तरं देतं, कुणी सौरदिवे, कुणी शाळेला पाण्याची टाकी. यंदा आमच्या नेपरव्हिलमधल्या काही कुटुंबांनी ठरवलं, की रस्त्यावर काम करणाऱ्यांना ती पिवळी-केशरी, चमकणाऱ्या पट्ट्यांची जॅकेट्स द्यायची. पहाटे झाडलोट करणाऱ्या बायका, खड्डे बुजवणारे मजूर आणि कार्तिकीला पायी निघणारी एक दिंडी, अशी यादीही झाली.

कल्पना उत्तमच आहे. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा रंगली ती तीन गोष्टींवर: भाव काय, रंग कुठला आणि पाठीवर मंडळाचं नाव किती मोठं. मला वाटतं, हे तिन्ही प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा, की जॅकेटच्या आतल्या लेबलवर काय लिहिलंय? कारण हे जॅकेट दिसायला कपडा असलं, तरी हेल्मेट किंवा सीटबेल्टसारखं मोजमाप करून बनवायचं साधन आहे.

आमच्या इलिनॉयमध्ये गमतीने म्हणतात, की इथे दोनच ऋतू: हिवाळा आणि रस्त्याची कामं. बर्फ वितळला की रूट ५९ असो वा आय-८८, कुठे ना कुठे केशरी शंकू लागलेलेच असतात. त्या शंकूंपलीकडच्या प्रत्येक माणसाच्या अंगावर जॅकेट दिसतं. ही काही नुसती शिस्तीची हौस नाही. केंद्र सरकारच्या पैशातून होणाऱ्या महामार्गांवर, वाहतुकीच्या जवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने ठरावीक दर्जाचं जॅकेट घातलंच पाहिजे, हा नियम इथे २४ नोव्हेंबर २००८ पासून लागू आहे. पुढे तो बाकीच्या सार्वजनिक रस्त्यांनाही लावला गेला. आणि नियमात फक्त 'चमकणारं जॅकेट' असं मोघम लिहिलेलं नाही. 'अ‍ॅन्सी १०७' या मानकाचा दुसरा किंवा तिसरा वर्ग, असं स्पष्ट म्हटलंय.

हे वर्ग काय, ते एकदा समजून घेतलं की खरेदी सोपी होते. जॅकेटमध्ये दोन वेगळे पदार्थ असतात आणि दोघांची ड्युटी वेगळी. भडक पिवळा-हिरवा किंवा केशरी कपडा हा दिवसपाळीचा. सूर्यप्रकाशातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून तो दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून ढगाळ हवेत, संधिप्रकाशातही तो उठून दिसतो. पण अंधार पडला की त्याचा फारसा उपयोग नाही. रात्रपाळी करतात त्या रुपेरी पट्ट्या. त्यांच्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा बारीक प्रिझम असतात. गाडीच्या दिव्याचा प्रकाश त्या जिथून आला तिथेच, म्हणजे चालकाच्या दिशेने, परत पाठवतात. साधी चकचकीत रुपेरी फीत आरशासारखी प्रकाश भलतीकडेच फेकते. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो रात्री, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

मग वर्ग ठरतो तो या दोन्हींच्या क्षेत्रफळावर. दुसऱ्या वर्गाला साधारण अर्धा चौरस मीटर भडक कपडा आणि ०.१३ चौरस मीटर परावर्तक पट्टी लागते. तिसऱ्या वर्गाला ०.८० आणि ०.२० चौरस मीटर. आंतरराष्ट्रीय मानक 'आयएसओ २०४७१' मध्येही दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचे हेच आकडे आहेत, आणि पट्टी किमान ५० मिलिमीटर रुंद हवी असंही त्यात आहे. इथल्या मानकात तिसऱ्या वर्गाला बाह्याही लागतात. कारण हात हलताना दिसला, की समोर खांब नसून माणूस आहे हे चालकाला पटकन कळतं. गाड्या साधारण ताशी ८० किलोमीटरच्या वर धावत असतील किंवा काम रात्रीचं असेल, तर तिसरा वर्ग. शहरातल्या मध्यम वेगाच्या रस्त्यावर दिवसाच्या कामाला दुसरा वर्ग चालतो.

आता हे सगळं अमेरिकेचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. आपल्याकडेही मानक आहे. भारतीय मानक ब्युरोचं 'आयएस १५८०९' हे अशाच कपड्यांसाठी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची 'आयआरसी एसपी ५५' ही मार्गदर्शिका तर रस्त्याचं काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची, याच विषयावर आहे. अडचण येते ती कागद आणि दुकान यांच्यामध्ये. खरेदीच्या पत्रात 'रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पुरवावेत' एवढंच लिहिलं, तर ती फसवी फीत लावलेलं जॅकेटसुद्धा त्यात बसतं.

माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. 'सिस्टीम फास्ट असावी' अशी मागणी कुणी लिहून दिली, तर आम्ही काम सुरूच करत नाही. फास्ट म्हणजे किती? किती लोक एकाच वेळी वापरणार? आकडा नसेल तर चाचणी घेता येत नाही, आणि चाचणी नसेल तर कुठलाही माल पास होतो. जॅकेटचंही अगदी तसंच. 'आयएस १५८०९' हे शब्द आणि हवा तो वर्ग पत्रात आला, की तपासणाऱ्याच्या हातात माल परत पाठवण्याचं कारण येतं.

यात पणाला काय लागलंय, ते एका साध्या गुणाकारातून दिसतं. समोर काही आहे हे दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद जातात, असं रस्ते आखताना इंजिनिअर धरून चालतात. ताशी ८० च्या वेगाने तेवढ्यात गाडी सुमारे ५५ मीटर पुढे जाते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने धावणारी कार ८३ मीटर. हे अंतर ब्रेक लागायच्या आधीचं. रात्री गडद कपड्यातला माणूस एवढ्या लांबून दिव्यात दिसेलच याची खात्री नसते. म्हणजे दिसेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

३१ ऑक्टोबर २०२२ ची संध्याकाळ अनेकांना आठवत असेल. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ, कोल्हापूरकडून पंढरपूरला कार्तिकीसाठी निघालेल्या दिंडीत एक कार घुसली आणि सात वारकरी गेले. अंगावर जॅकेट असती तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. अपघाताला अनेक कारणं असतात. पण कार्तिकीचे दिवस लहान, अंधार लवकर पडतो, आणि दिंडी त्याच रस्त्यावरून चालते ज्यावरून ट्रक धावतात. चालणाऱ्यांच्या हातात जे आहे, ते तरी नीट असावं एवढंच.

ग्रुपवरच्या एका ज्येष्ठ काकांनी रास्त प्रश्न विचारला. "अरे, तेवढ्याच पैशात तिप्पट जॅकेट्स येतात. नाहीपेक्षा बरं ना?" काका, तुमचा हेतू मला कळतो, आणि दिवसाउजेडी गल्ली झाडणाऱ्यांसाठी तुमचं बरोबरही आहे. तिथे साधं जॅकेट चालेल. पण रात्रीच्या महामार्गावर हिशोब बदलतो. जॅकेट घातलेला माणूस मनात धरून चालतो, की आपण दिसतोय. तो गाड्यांच्या थोडा जवळ उभा राहतो, पाठ फिरवून फावडं मारतो. मुकादमही 'जॅकेट दिलंय' म्हणून निवांत होतो आणि शंकू, झेंडेवाला, दिवे यांत काटकसर करतो. पट्टी खोटी असेल तर आपण त्या माणसाला नुसता धीर देतोय, संरक्षण काहीच नाही.

तेव्हा माझा आग्रह असा. जॅकेट्स इथून पाठवू नयेत, तिथेच घ्यावीत, म्हणजे माप बदलता येईल आणि पुढच्या वर्षी पुन्हा मिळतील. विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागावा. एक नमुना घरी आणून रात्री स्वतः तपासावा: जॅकेट घालून एकाने तीस पावलांवर उभं राहावं, दुसऱ्याने मोबाईलचा टॉर्च स्वतःच्या डोळ्याशेजारी धरावा. खरी पट्टी दिव्यासारखी पांढरी पेटते. टॉर्च हात लांब करून बाजूला नेला, की ती चमक कमी होते. समोरचा थोडा वळला तरी पट्टी उजळच राहायला हवी.

माप घेताना माणूस बघावा. आपल्या बायका साडीवर पुरुषी शर्ट चढवून काम करतात. जॅकेट त्या शर्टावरून, पदर आत राहील असं बसलं पाहिजे आणि पुढून बंद झालं पाहिजे. उघडं, फडफडणारं जॅकेट समोरून अर्धंच दिसतं. यंत्राजवळ काम असेल तर वेल्क्रोचं, ओढलं की सुटणारं बरं. रंग आजूबाजूचं बघून निवडावा. उसाच्या हिरव्या रानात केशरी उठून दिसतो. भगव्या पताकांच्या दिंडीत मात्र पिवळा-हिरवाच हवा. आणि धुण्याचं सांगायला विसरू नका. दगडावर आपटून, ब्रशने घासून पट्टीतले मणी निघून जातात. किती धुण्यांपर्यंत पट्टी टिकेल, हे चांगल्या जॅकेटच्या लेबलवर लिहिलेलं असतं. त्यानंतर ते बदलायचं, म्हणून वर्गणीतला थोडा भाग पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावा.

राहिला पाठीवरच्या नावाचा प्रश्न. छापील नावाखाली जेवढा भडक कपडा झाकला जातो, तेवढा मापातून वजा होतो. पट्टीवर छापलं तर रात्रीचंही नुकसान. नाव घालायचंच असेल तर खिशावर, बोटभर. शक्य असेल तर तेही नको.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे भाऊ, मेहुणे, मामा गावाकडे सरपंच आहेत, नगरपालिकेत आहेत, रस्त्याची छोटी-मोठी कंत्राटं घेतात. पुढच्या रविवारी फोन कराल तेव्हा हवापाण्याच्या गप्पांनंतर एक विचारा: तुमच्या माणसांच्या जॅकेटच्या लेबलवर काय लिहिलंय? आपली वर्गणी शंभरेक जणांना पुरेल. खरेदीच्या पत्रातली ती एक ओळ बदलली, तर जॅकेट कुणी उपकार म्हणून द्यायची वेळच येणार नाही.