जावा की पायथन? प्रश्नच बदला!

तामलवाडीहून सोलापूर नाहीतर तुळजापूरच्या कॉलेजला एसटीने अप-डाऊन करत असाल आणि कम्प्युटरला असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल : जावा करू की पायथन? मग पुण्यातल्या क्लासची फी, रूमचं भाडं आणि घरच्या सोयाबीनची पट्टी यांचा हिशोब सुरू होतो.

माझं म्हणणं, हा प्रश्नच अर्धवट आहे. भाषा कुठलीही शिका; पण ती अशी का बनवली, हेही विचारा.

आजच करून बघा. पाच हा आकडा दुहेरी अवतरणचिन्हात टाइप करा आणि त्यातून साधे दोन वजा करा. जावास्क्रिप्ट गपचूप ३ उत्तर देते. पायथन प्रोग्राम चालवल्यावर त्या ओळीवर अडते. जावा तर कम्पाइल होतानाच नकार देते. चूक कधी पकडायची, हा भाषा बनवणाऱ्याचा निर्णय असतो. त्यामागचे नियम वहीवर सिद्ध करता येतात. त्याला लागतं सेट, रिलेशन, फंक्शन, इंडक्शन. म्हणजे आपण पास होण्यापुरतं वाचतो तेच डिस्क्रीट मॅथ्स!

अशा नियमांची किंमत मोठी असते. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि ती चूक सांभाळायची सोय तिथे ठेवलेली नव्हती.

हे शास्त्र आपल्याकडेही चालतं. आयआयटी मुंबईचे उदय खेडकर यांनी सहकाऱ्यांसोबत लिहिलेलं ‘डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस’ २००९ मध्ये आलं. प्रोग्राम न चालवताच त्यातली माहिती कुठून कुठे जाते, हे गणिताने शोधणं हा त्याचा विषय.

‘पण इंटरव्ह्यूत हे कोण विचारतं?’ खरंय, पहिल्या नोकरीला कदाचित कुणी विचारणार नाही. तेवढ्यासाठी एक भाषा नीट शिकाच. पण आता कोड एआयसुद्धा लिहून देतं. तो बरोबर का चूक, हे सांगणारा माणूस लागतो. शिवाय मार्केटमधली भाषा बदलली की पाया नसलेल्याला पुन्हा क्लासची फी भरावी लागते.

आयआयटी दिल्लीचे एस. अरुण कुमार यांची ‘प्रिन्सिपल्स ऑफ प्रोग्रामिंग लँग्वेजेस’ ही व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत. ती बघत बघत बेरीज, भागाकार आणि कंस एवढंच समजणारी स्वतःची छोटी भाषा बनवा. कुणी शून्याने भागलं तर तुमची भाषा काय करेल? ते तुम्हालाच ठरवायचंय. तिथून खरं शिकणं सुरू होतं, आणि त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही.